वेणूताईंच्या तपासकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या वर्षभरात तुम्ही इतके मेसेज पाठवलेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमत नाहीये, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण त्या गोष्टींवर मी खरंच खूप विचार केलाय.

या कथा नेमक्या कसल्या आहेत?

१८९१ सालचं पुणं, शनिवार पेठेतला एक वाडा, आणि वेणूताई नावाची चौतिशीची विधवा बाई जी मुलींच्या शाळेत शिकवते. आजूबाजूला काहीतरी विचित्र घडतं, कुणाचे दागिने जातात, कुणी अचानक मरतं, आणि ती ते शोधून काढते. वेणूताई पूर्णपणे काल्पनिक, वाडाही काल्पनिक, पण आजूबाजूचं पुणं शक्य तितकं खरं ठेवलंय. या प्रकाराला हल्ली कोझी मिस्ट्री म्हणतात, म्हणजे रक्ताचे पाट नाहीत, गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडत नाही, सगळी माणसं एकमेकांना ओळखणारी, आणि शोधणारी व्यक्ती पोलीस नाही. मला विचाराल तर पुण्यातला वाडा हा या प्रकारासाठीच बांधलाय असं वाटावं इतका फिट बसतो. मधे चौक, चौकात विहीर किंवा हौद, चारी बाजूंनी बिऱ्हाडं, आणि रात्री दिंडीला, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दाराला, अडसर घातला की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर. अडसर आतून घातलेला होता हे एकदा ठरलं की संशयित किती ते बोटांवर मोजता येतात.

मुलांना वाचायला देऊ का?

बारा-तेरा वर्षांच्या पुढे बिनधास्त द्या. मृत्यू आहेत पण वर्णनं नाहीत. एक सांगते, बालविवाह आणि केशवपन यांचे उल्लेख सगळीकडे आहेत आणि ते मी गाळणार नाही, मुलं त्यावर प्रश्न विचारतील तेव्हा थोडा वेळ काढून उत्तरं द्या.

१८९१ च का? टिळक-आगरकरांचा काळ तर सगळेच लिहितात.

कारण त्या एका वर्षात पुण्यातलं प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे संशयाने बघत होतं. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं, गावातली मोठमोठी मंडळी गेली, रानडे होते, टिळक होते, गोखले होते, आणि मिशनवाल्यांनी सगळ्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. आता कुणी चहा प्यायला, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी तसाच खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या यजमानांनी, तिथे कोण कोण होतं त्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात आग लागली! बहिष्कार, ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, काहींनी प्रायश्चित्तं घेतली. एक कप चहा ओठाला लागला की नाही यावरून लेकीबाळींची लग्नं अडायची वेळ आली. रहस्यकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली जमीन कुठे मिळणार, सांगा. माझ्या पहिल्या कथेत याच चहाच्या यादीवरून कुणीतरी कुणालातरी पैशासाठी धमकावतंय, तिथूनच सगळं सुरू होतं.

शिवाय मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी शरीरसंबंधासाठीची दहाची वयोमर्यादा बारावर नेली, एवढ्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची निवासी शाळा, १८९० च्या शेवटी मुंबईहून पुण्यात आलेलं. मुलींची हुजूरपागा शाळा १८८४ पासून चालू. म्हणजे बाईने शिकावं का, कधी नांदायला जावं, विधवेने कसं राहावं हे प्रश्न घराघरात जेवताना निघत होते, आणि ज्यांच्याबद्दल हे चाललेलं त्या बायका आत पानं वाढत ऐकत होत्या. मला त्या ऐकणाऱ्या बायकांची गोष्ट लिहायची होती.

आणि हो, कथेत सार्वजनिक गणपतीची मिरवणूक का नाही असं खूप जणांनी विचारलंय. १८९१ मध्ये ती सुरूच झालेली नव्हती. लक्ष्मी रोडही नव्हता, त्यामुळे वेणूताई तिकडून चालत जाऊ शकत नाही.

त्या काळात एखादी बाई असा तपास करू शकली असती का? जरा अतीच वाटतं.

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आहे आणि मला तो आवडतो. आपण तपास म्हटलं की कुणीतरी टांग्यातून धावतंय, पाठलाग करतंय, दारं ठोठावतंय असं डोळ्यापुढे आणतो. तसा तपास वेणूताई करूच शकत नाही, आणि करतही नाही. रमाबाई रानड्यांसारख्या बाईंना, नवरा न्यायाधीश आणि स्वतः शिकवणारा असूनसुद्धा, लिहा-वाचायला शिकल्याबद्दल घरातल्याच बायकांकडून किती ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. मग एकट्या विधवेची काय कथा.

पण आता उलट बाजूने बघा. वाड्यात काही घडलं आणि फौजदार आला तर तो कुठपर्यंत जाणार? ओसरी, फार तर पुढचा सोपा. माजघरात तो सहज शिरू शकत नाही, झडती घ्यायची तरी पडद्यातल्या बायकांना आधी बाहेर पडायला वेळ द्यावा लागायचा. स्वयंपाकघरात तर सोवळं. कोठीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला, रात्री कुणाच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता, कुणी उपासाच्या दिवशी जेवली, कुणाला दिवस गेलेत, कुणाकडे दूध कमी घ्यायला लागलेत, हे सगळं बायकांना ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारतच नाही. पंचनाम्यावर पुरुष पंचांच्या सह्या असायच्या आणि त्या पंचांतल्या एकालाही घरात घासलेट कुठे ठेवतात ते सांगता आलं नसतं.

म्हणून वेणूताईचा तपास म्हणजे पाणवठ्यावर उभं राहणं, शाळेतल्या मुलींचं ऐकणं, कुणाकडे डाळ निवडायला बसणं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणून गावात हौद बांधले, त्या हौदांवर बायका रोज भेटायच्या, आणि पेठेतल्या बातम्या छापखान्याआधी तिथे पोचायच्या.

मग तिला स्वतंत्र कशी म्हणता? ती तर आत्याबाईंबरोबर राहते.

एकट्या विधवेला शनिवार पेठेत बिऱ्हाड दिलं असतं का कुणी? नसतं दिलं. म्हणून आत्याबाई आहेत. आत्याबाई हे तिचं दार आहे, त्या नसत्या तर वेणूताई उभीच राहू शकली नसती.

तिचं स्वातंत्र्य मी तीन गोष्टींत ठेवलंय. एक म्हणजे पगार. पुण्यात १८७० पासून शिक्षिका तयार करणारं फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं, तिथे शिकून ती मास्तरीण झाली आणि महिन्याचा पगार तिच्या हातात येतो. दुसरं, तिच्या ट्रंकेची किल्ली तिच्याकडे आहे आणि आत्याबाईसुद्धा ती ट्रंक उघडत नाहीत. तिसरं, शाळेत जायचं म्हणून तिला रोज घराबाहेर पडता येतं आणि परत येताना थोडा उशीर झाला तर कारण सांगता येतं. आज हे ऐकून काहीच वाटत नाही, पण त्या अर्ध्या तासाच्या उशिरात तिचे सगळे तपास बसतात. माझ्या आजीची आजी, म्हणे, आयुष्यात एकदाही एकटी मंडईपर्यंत गेली नव्हती. ते ऐकल्यापासून तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही.

ती सकेशा का आहे? त्या काळात हे शक्य होतं?

होतं, पण फुकट नाही. सुधारकांच्या घरांत आणि शारदा सदनाच्या आसपास केशवपन न केलेल्या विधवा होत्या आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागायची. वेणूताईला हळदीकुंकवाला बोलावणं नसतं, मंगळागौरीला ती दिसलीच तर बायका पदर सावरून बाजूला होतात, आणि केशवपन केलेल्या सोवळ्यातल्या बायकाही तिला आपल्यातली धरत नाहीत. तीन-चार वाचकांनी लिहिलं की तिला केस ठेवायला दिले म्हणजे मी गोड करून लिहिलंय, त्यांना विनंती आहे की दुसऱ्या कथेतला श्रावणातला प्रसंग पुन्हा वाचा.

सगळं ब्राह्मण पेठांतच का? पुणं म्हणजे तेवढंच का?

अजिबात नाही, आणि हा आक्षेप योग्य आहे. पहिल्या कथेत माझी चूक झाली होती, सगळी पात्रं चार गल्ल्यांतली होती. ज्या गावात १८४८ मध्ये भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज उभा राहिला, त्या गावाची गोष्ट नुसती शनिवार-सदाशिवची कशी असेल. दुसऱ्या कथेपासून भागूबाई कासारीण आली आणि आता मला तिच्याशिवाय एकही गोष्ट सुचत नाही.

कासारीण प्रत्येक घरात जाते. वेणूताई विधवा म्हणून जिथे जाऊ शकत नाही तिथे, म्हणजे डोहाळजेवणात, लग्नघरात, बारशात, भागूबाई मधोमध बसलेली असते आणि एकेक बाई येऊन तिच्या हातात हात देते. हात दाबून, अंगठ्याचं हाड आत घेऊन, बांगडी चढवेपर्यंत दोन-चार मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात बायका काय काय बोलून जातात! तिला पेठेतल्या प्रत्येक बाईच्या हाताचं माप पाठ. वेणूताईकडे मात्र ती बांगड्यांचं गाठोडं घेऊन येऊ शकत नाही, विधवेच्या दारात बांगडीवाली कशाला? म्हणून दोघी भेटतात त्या शाळेत, भागूबाईची नात तिथे शिकते त्या निमित्ताने.

दुसऱ्या कथेतला विहिरीजवळचा हिरवा तुकडा खूप जणांना आवडला म्हणून तो कसा सुचला ते सांगते. काचेच्या बांगडीचा बोटभर तुकडा हातात आला तरी त्याची गोलाई राहते, आणि गोलाईवरून अख्खी बांगडी केवढी होती ते काढता येतं. आजसुद्धा दुकानात आपण दोन-चार, दोन-सहा म्हणतो ना, ते दोन इंच आणि वर चार किंवा सहा सोळांश असं माप आहे. मी स्वतः घरात एक बांगडी फोडून तुकडा वेगवेगळ्या बांगड्यांच्या कडेला लावून बघितला. बरोबर मापाच्या बांगडीला तुकडा अख्खा चिकटून बसतो, एक माप मोठी घेतली तरी टोकाला केसाएवढी फट दिसते. भागूबाई तेच करते, तुकडा बोटांत फिरवते, गाठोड्यातल्या दोन बांगड्यांना लावून बघते आणि म्हणते, “ताई, ही थोरलीची नव्हं. थोरलीचा हात थोराड. ही लेकराच्या हातातली हाय.” आणि तिथे गोष्ट फिरते.

त्याच कथेत आणखी एक क्लू आहे जो फार कमी जणांनी पकडला. बांगडी फुटली असं सवाष्ण म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणते. त्या घरातली एक बाई बोलता बोलता “फुटली” म्हणून जाते. का, ते पुन्हा वाचून बघा.

पोलिसांना मठ्ठ का नाही दाखवलं? अशा कथांत तर तसंच असतं.

कारण मला ते पटत नाही. फौजदार हुशार आहे, त्याच्या मर्यादा कायद्याच्या आणि दाराच्या आहेत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, आजही मूळ तत्त्व तेच आहे. त्यामुळे गुन्हेगार फौजदारापुढे रडून सगळं सांगून मोकळा झाला तरी कोर्टात त्याला अर्थ नाही, पण तेच तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एखाद्या मास्तरीणबाईला बोलला तर तिची साक्ष होऊ शकते. फौजदाराला हे पक्कं माहीत असतं, म्हणून शेवटच्या सीनमध्ये तो मुद्दाम चौकात थांबतो आणि तिला एकटीला आत जाऊ देतो.

बोटांचे ठसे का नाहीत तेही याच प्रश्नाबरोबर येतं. ठशांचा विभाग आपल्याकडे कलकत्त्यात १८९७ मध्ये निघाला, वेणूताईला सहा वर्षं थांबावं लागेल.

स्टेशनवरच्या घड्याळाचा घोळ मला कळलाच नाही. समजावून सांगाल का?

नक्की, आणि ज्यांनी तिसरी कथा वाचली नाहीये त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जा, शेवट फुटतो.

आज देशभर एकच टाइम आहे, तो १ जानेवारी १९०६ पासून आला. त्याआधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, आणि गावातली घड्याळं गावच्या सूर्यावर लावलेली असायची. मद्रास आपल्या बऱ्याच पूर्वेला, तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. पुणं आणि मद्रास यांच्या रेखांशांत साधारण साडेसहा अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे हिशोबाने जवळजवळ सव्वीस मिनिटं. स्टेशनात नऊ वाजले तेव्हा वाड्यातल्या लंबकाच्या घड्याळात आठ चौतीस!

आता कथेतला भाचा सांगतो की नऊची गाडी सुटताना मी स्टेशनवर होतो, पाहुण्याला पोचवायला गेलेलो, हमालानेही बघितलंय. वाड्यातले सगळे सांगतात की बरोबर नऊच्या ठोक्याला आत्याबाईंनी किंकाळी ऐकली. दोघंही खरं बोलतायत. सगळ्यांना वाटतं एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल. पण त्याच्या नऊपासून वाड्याच्या नऊपर्यंत मधे सव्वीस मिनिटं आहेत आणि स्टेशनहून शनिवार पेठेत टांग्याने तेवढ्यात आरामात येता येतं. वेणूताईला हे सुचतं कारण ती मुलींना भूगोल शिकवते आणि त्याच आठवड्यात फळ्यावर रेखांशाचं गणित घातलेलं असतं. एका वाचकांनी लिहिलं की हे अगदी सोयीचं झालं. मला तसं वाटत नाही, कारण रोज जे शिकवतो तेच माणसाला ऐनवेळी आठवतं.

धोतऱ्याचं बी चटणीत ओळखता येतं का खरंच?

येतं, बारकाईने बघितलं तर. मिरचीचं बी पिवळसर, चपटं आणि गुळगुळीत. धोतऱ्याचं बी तपकिरी, कानाच्या पाळीसारखं, आणि कडेला दुहेरी कंगोरा. मिरचीचं बी जिभेला झोंबतं, धोतऱ्याचं कडू. जुन्या काळी प्रवाशांना धोतरा खायला घालून लुटायचे, त्यामुळे हे प्रकार पोलिसांना माहीत होते. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो आणि हवेतले नसलेले धागे वेचायला लागतो. चौथ्या कथेतल्या आजोबांना सगळ्यांनी बाधा झाली म्हणून अंगारा लावला, आणि वेणूताई मात्र त्यांच्या बोटांकडे बघत बसली होती. आजोबा वाचतात, ज्यांना काळजी वाटली त्यांच्यासाठी आधीच सांगते.

इस्टेटीची भांडणं एवढी का?

कारण बाईचा जीव तिथेच अडकलेला असायचा. एकत्र कुटुंबातल्या विधवेला वाटा नाही, फक्त पोटगी, वाटा मिळायला १९३७ चा कायदा यावा लागला. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह करता आला तरी पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सोडावा लागायचा. दत्तक कुणाला घ्यायचं यावरून तर घरं फुटायची. पुण्यातलं ताई महाराज प्रकरण आठवा, ताई महाराजांचे यजमान बाबा महाराज १८९७ मध्ये गेले आणि दत्तकाचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत जाऊन १९१५ मध्ये मिटला.

टिळक, रानडे कथेत बोलत का नाहीत?

लांबून दिसतात, त्यांच्याबद्दल लोक बोलतात, एवढंच. त्यांच्या तोंडी मी वाक्यं घालणार नाही.

वेणूताई आणि फौजदार यांचं काही जमणार का?

नाही. हे खूप जण विचारतात, एका ठिकाणी छापण्यासाठी बोलणं चाललेलं तिथेही मला हेच घाला म्हणाले, मी नाही म्हटलं आणि ते बोलणं तिथेच थांबलं. तिला आपलं काम आवडतं, आणि तेवढं मला पुरेसं वाटतं.

कथेतली कुठली ठिकाणं आज बघता येतील?

एका सकाळीत बरंच होतं. शनिवारवाड्यापासून सुरू करा, तिथून नदीकडे ओंकारेश्वर, मग परत फिरून विश्रामबागवाडा, त्याची लाकडी नक्षी मान वर करून नीट बघा. तिथून तुळशीबागेतलं राममंदिर, आजूबाजूच्या दुकानांच्या गर्दीत लक्षात येत नाही पण आत शिरलं की आवाज एकदम खाली जातो. मग मंडईची जुनी अष्टकोनी इमारत, ती १८८६ ची, म्हणजे वेणूताईच्या वेळी अगदी नवी कोरी होती आणि आत्याबाई अजून तिला नावं ठेवतात. पाय दमले नसतील तर शेवटी गुरुवार पेठेत पंचहौद. वीकेंडला सकाळी सातच्या आत निघा, नंतर गाड्यांमुळे चालणं होत नाही.

पुढच्या कथेत प्लेग येणार का?

येणार, आणि म्हणूनच ती लांबलीये. १८९७ चं पुणं, घराघरात शिरून तपासण्या, सामान रस्त्यावर, माणसं गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिलेली, २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर झालेला गोळीबार. आणि त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता. जी दारं फौजदाराला बंद होती ती सोजिरांना, म्हणजे गोऱ्या सैनिकांना, उघडी झाली, माजघरापर्यंत. वेणूताईचा सगळा तपास ज्या आतल्या जागेवर उभा आहे ती जागाच त्या वर्षी राहत नाही. अशा वेळी हलकीफुलकी रहस्यकथा लिहिणं मला जमत नाहीये, दोनदा लिहून फाडली. आता ठरवलंय की त्या कथेत खून नसेल. एक मुलगी क्वारंटाइनच्या छावणीत हरवते आणि वेणूताई आणि भागूबाई तिला शोधतात, बस.

आमच्या घरातल्या जुन्या गोष्टी सांगितल्या तर चालतील का?

अहो, त्याचीच वाट बघते मी. वाड्यातलं पाणी कुठून यायचं, रात्री दिंडी कोण लावायचं, कोठीची किल्ली कुणाकडे असायची, असं काहीही लिहून पाठवा, नावं नका देऊ. आणि कुणाच्या घरी जुन्या कासाराचं बांगड्या मापायचं काही साधन असेल, लाकडाचं किंवा पितळेचं, तर फोटो नका पाठवू, मला येऊन हातात घेऊन बघू द्या.